केसपेपर फुकट, डॉक्टर कुठे आहे?



गेल्या वर्षी वस्तीतल्या एका बाईला घेऊन मी ग्रामीण रुग्णालयात गेले. पदरी दोन मुलं, तिसऱ्यांदा दिवस गेलेले, आठवा आठवडा. तिला ते मूल नको होतं. पहिल्या खेपेला डॉक्टर रजेवर. दुसऱ्या खेपेला सिस्टर म्हणाल्या, "नवऱ्याची सही आणा." तिसऱ्या खेपेला डॉक्टर भेटले, ते म्हणाले, "पोट पाडायचं तर ऑपरेशनही करून घे, नाहीतर परत येशील." बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, खासगीतच जाऊ." कानातली फुलं मोडून तिने पैसे भरले.

कायदा काय सांगतो? गर्भपाताचा कायदा 1971 सालचा. 18 वर्षांवरच्या बाईची स्वतःची संमती त्यात पुरेशी आहे. नवऱ्याच्या सहीची अट त्यात कुठेही नाही. ऑपरेशनची अट घालणं तर सरळसरळ अडवणूक. 2021 च्या दुरुस्तीने काही स्त्रियांसाठी मुदत 24 आठवड्यांपर्यंत वाढवली. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींनाही त्यात आणलं. कागद पुढे गेला. पण कागद काही गर्भपात करत नाही! त्याला डॉक्टर लागतो, भूल देणारा लागतो, गोळ्या लागतात. म्हणजे पैसा लागतो.

15 ऑगस्ट 2023 पासून महाराष्ट्र सरकारने आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत केले. चांगलंच झालं. पण फुकट काय मिळालं? जागेवर नसलेला डॉक्टर! 2024 मध्ये बायकांच्या खात्यात दरमहा दीड हजार रुपये टाकायची योजना आली. ते पैसे बाईच्या हातात पडावेत, याला आपला विरोध नाही. पण दीड हजारात तालुक्याला स्त्रीरोगतज्ज्ञ येत नाही. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांना 2020 पर्यंत अंदाजपत्रकाच्या 8 टक्क्यांहून जास्त खर्च आरोग्यावर करायला सांगितलं होतं. महाराष्ट्र त्यापासून लांबच राहिला.

सरकार हात आखडतं तेव्हा काय होतं, ते बीडने दाखवलं. ऊसतोडीला नवराबायको मिळून एक कोयता. अंगावर उचल, खाडा झाला की दंड. फडावर ना संडास, ना न्हाणी. अंगावरून जातं, पोट दुखतं, आणि जवळ सरकारी डॉक्टर नाही. मग खासगी दवाखाना म्हणतो, "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." 2019 मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीसमोर आकडा आला: पाहणीतल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. साध्या औषधोपचाराने बऱ्या झाल्या असत्या अशा बायका त्यांत किती असतील?

आपल्यातल्याच काही मैत्रिणी म्हणतात, सरकारकडे पैसा मागू नका. पैशामागून ताबा येतो. ही भीती खोटी नाही. 1977 नंतर कुटुंबनियोजनाचा रोख बाईच्याच शरीरावर राहिला. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित जोडप्यांत बाईचं ऑपरेशन झालेली जवळपास 38 टक्के, पुरुषाचं झालेली 0.3 टक्के! नोव्हेंबर 2014 मध्ये बिलासपूरजवळच्या शिबिरात काही तासांत 83 बायकांची ऑपरेशनं उरकली. त्या दिवसांतल्या शिबिरांत मिळून 13 जणी मेल्या. तोही सरकारी पैसाच होता.

म्हणून पैसा मागायचाच नाही का? तसं केलं तर गरीब बाई खासगी दवाखान्याच्या दारात एकटी उरते. पैसेवालीचं काही अडत नाही. आपण पैसा मागायचा आणि तो कशावर खर्च होतो, यावर डोळाही ठेवायचा. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात गर्भपाताची सोय हवी, आणि तिला ऑपरेशनची अट नको. तांबी, गोळ्या, निरोध यांचा साठा बारमाही हवा. ऊसतोडीच्या हंगामात फडापर्यंत दवाखान्याची गाडी जायला हवी. आणि शिबिराच्या आकड्यांवर कुणाचंही कौतुक नको.

पुढच्या ग्रामसभेत एवढंच विचारा: आपल्या दवाखान्यात गेल्या वर्षी गर्भपात किती झाले, ऑपरेशनं किती, आणि डॉक्टर किती दिवस हजर होते? रुग्ण कल्याण समितीकडून उत्तर लेखी घ्या. पहिला आकडा शून्य आला, तर तुमच्या गावातल्या किती जणींनी कानातलं मोडलं, तेही मोजा, आणि तो हिशेब घेऊन आपण सगळ्याजणी जिल्ह्याला जाऊ.