कंबर दुखतेय? बेबी कॅरियर घेताना आधी कमरपट्टा बघा

संध्याकाळची गर्दीची वेळ. माझी ताई सात महिन्यांच्या लेकाला कॅरियरमध्ये पुढे बांधून घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला आईकडे आली. बाळ शांत झोपलेलं, पण ताईला सरळ उभं राहता येत नव्हतं. "ऑनलाइन रेटिंग तर मस्त होतं," ती म्हणाली. कॅरियर पाहिला तर खांद्याचे पट्टे अरुंद आणि कमरपट्टाच नाही.

"मूल लहान आहे म्हणजे कंबर दुखणारच," हे आपल्याकडे घरोघरी ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. काही दुखणं बाळंतपणाचं असतं, पण बरंचसं वजन चुकीच्या जागी टांगल्याचं असतं. ते टाळता येतं.

स्ट्रोलर का नाही?

सोसायटीच्या आवारात ठीक आहे. पण बोरिवली किंवा मुलुंड स्टेशनचा जिना, खोदलेला फुटपाथ आणि लोकलची गर्दी यात स्ट्रोलर उचलूनच न्यावा लागतो. उपनगरात कॅरियर ही फॅशन नाही, गरज आहे.

पाठ का दुखते?

गरोदरपणात पोटाचे स्नायू ताणले जातात, सांध्यांचे बंध सैल होतात. ते पूर्ववत व्हायला अनेक महिने लागू शकतात. तोवर बाळाचं वजन वाढत राहतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यानुसार सहा महिन्यांच्या मुलीचं मध्यम वजन ७.३ किलो, तर मुलाचं ७.९ किलो असतं. वर्षाचे होईपर्यंत ते ९ किलोच्या आसपास जातं.

पण नुसत्या किलोंवर जाऊ नका. इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी शिकलेला 'मोमेंट' इथे कामाला येतो : वजन गुणिले अंतर. भाजीची पिशवी छातीशी धरा आणि मग हात लांब करून धरा. पिशवी तीच, पण ताण कितीतरी जास्त. बाळ सैल पट्ट्यांमुळे पुढे लोंबलं की तुमच्या मणक्याचं नेमकं हेच होतं.

मग कोणता प्रकार घ्यावा?

- रिंग स्लिंग : सगळं वजन एका खांद्यावर. थोड्या वेळासाठी चालेल, रोजच्या प्रवासाला नको.
- लांब कापडाचा रॅप : वजन छान वाटलं जातं, पण नीट बांधायला सराव लागतो. आपल्या दमट हवेत जाड कापडाने दोघंही घामाघूम होतात.
- हिपसीट : कमरेवर छोटं बैठं स्टूलच. बाळाला पटकन घेता-ठेवता येतं, पण ते शरीरापासून थोडं लांब बसतं. खांद्याचे पट्टे नसतील तर एक हात कायम अडकतो.
- बकलचा, कमरपट्ट्याचा कॅरियर : दुखऱ्या पाठीसाठी माझं मत यालाच. रुंद कमरपट्टा वजन खांद्यांवरून कमरेच्या हाडांवर नेतो.

विकत घेण्याआधी काय तपासाल?

कमरपट्टा पोटावर नको, कमरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर घट्ट बसला पाहिजे. सिझेरियन झालं असेल तर तो टाक्यांवर घासतो का ते बघा आणि वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. बाळ इतकं वर हवं की मान जराशी झुकवली की त्याच्या डोक्याची पापी घेता येईल. खांद्याचे पट्टे रुंद हवेत. नवराही तोच कॅरियर घालू शकेल इतके ते कमी-जास्त व्हायला हवेत. पाठीवरचा सर्वांत चांगला उपाय म्हणजे निम्मा वेळ बाळ बाबाकडे!

दुकानात बाळाला आत बसवून पंधरा-वीस मिनिटं फिरा. दोन मिनिटांत सगळेच कॅरियर आरामदायी वाटतात. ऑनलाइन घेत असाल तर परत करण्याची अट आधी वाचा.

बाळाच्या बाजूने काय?

गुडघे कुल्ल्यांपेक्षा थोडे वर, मांड्यांना गुडघ्यापर्यंत आधार, म्हणजे पाय इंग्रजी 'एम'सारखे दिसतात. चेहरा सतत दिसला पाहिजे. हनुवटी आणि छातीत दोन बोटांचं अंतर हवं, कारण मान दुमडली की श्वास अडू शकतो. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१० मध्ये चार महिन्यांखालील बाळांना स्लिंगमध्ये ठेवताना विशेष काळजी घ्यायला सांगितलं होतं. आणि कॅरियर म्हणजे कारमधली सीट नव्हे. बाइकवर तर तो अजिबात नको.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

कळ पायात उतरत असेल, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल तर कॅरियर बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा. लघवीवरचा ताबा जात असेल तर लगेच हॉस्पिटल गाठा.

ताईने आता कमरपट्ट्याचा कॅरियर घेतलाय. पाठ पूर्ण बरी झालेली नाही, फिजिओथेरपीचे व्यायाम चालू आहेत. पण परवा अंधेरीला उतरल्यावर ती आधी बाकडं शोधत बसली नाही, थेट घरी आली. 'सहन कर' म्हणण्याआधी घरच्यांनी एकदा तिचा पट्टा नीट बांधून दिला असता, तर हे आधीच झालं असतं.