अवकाशवीरांची कादंबरी आणि वजनाचा हिशेब

विज्ञानप्रसाराचे काम करणाऱ्या मंडळींना अवकाशातील साहसकथांविषयी फारसे प्रेम नसते. एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती गुरुत्वाकर्षणावरील सोपी पुस्तिका दिसली, तर आपणांस समाधान वाटते; पण तोच विद्यार्थी अवकाशयानांच्या लढायांनी भरलेली पाचशेहून अधिक पानांची कादंबरी घेऊन ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसलेला दिसला, तर त्याचा वेळ फुकट चालला आहे असे आपण समजतो. मीही अनेक वर्षे याच मताची होते. हे मत बदलावयास माझ्याच हातून घडलेली एक चूक कारण झाली, आणि ती चूक मला अशाच एका कादंबरीने दाखवून दिली. म्हणून ती हकीकत प्रथम सांगितली पाहिजे.

माझे शिक्षण मराठी साहित्याचे. विज्ञानाशी संबंध आला तो भाषांतराच्या निमित्ताने. काही वर्षांपूर्वी अवकाशप्रवासावरील एका लहानशा पुस्तिकेचे भाषांतर मी करीत होते. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या यानात माणसे तरंगतात, असे वर्णन त्यात होते. मूळ लेखकाने त्या अवस्थेला 'वजनरहित' या अर्थाचा शब्द योजिला होता. तो अधिक सुबोध करण्याच्या उत्साहात मी लिहिले, "तेथे गुरुत्वाकर्षण नसल्यामुळे माणसे तरंगतात." वाक्य सुटसुटीत होते आणि त्यास कोणी हरकत घेतली नाही. पुढे शेजारच्या एका मुलीच्या वहीत तेच वाक्य शब्दशः उतरलेले मी पाहिले, तेव्हा मला आनंदच झाला. आज त्या आनंदाची आठवण झाली की संकोच वाटतो. कारण ते वाक्य चुकीचे आहे.

कसे, ते मला कळले एका सुटीत. अभियांत्रिकी शिकणारा माझा भाचा घरी आला होता. जाताना त्याने एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, तू हे वाच. यानात 'खाली' म्हणजे कुठे, ते यात नीट लिहिले आहे." ती कादंबरी म्हणजे २०११ साली प्रसिद्ध झालेली 'लेव्हायथन वेक्स'. 'द एक्स्पान्स' या नऊ कादंबऱ्यांच्या मालिकेतील ही पहिली. शेवटची २०२१ साली निघाली. लेखकाचे नाव जेम्स एस. ए. कोरी असे छापलेले असले, तरी ते टोपणनाव असून डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक हे दोघे अमेरिकन लेखक त्यामागे आहेत. या मालिकेस २०२० साली ह्यूगो पारितोषिक मिळाले.

ज्या प्रकारात ही कादंबरी मोडते त्यास इंग्रजीत 'स्पेस ऑपेरा' म्हणतात. भाषांतरकाराने येथे सावध राहावे. 'ऑपेरा' म्हणजे संगीतिका. म्हणून 'अवकाशसंगीतिका' असे लिहून मोकळे व्हावे असा मोह होतो. परंतु या शब्दाचा गाण्याशी संबंध नाही. अमेरिकेत नभोवाणीवरील रडक्या कौटुंबिक मालिकांचा खर्च साबणाचे कारखानदार करीत, म्हणून त्यांना 'सोप ऑपेरा' हे उपहासाचे नाव पडले होते. त्याच धर्तीवर विल्सन टकर या लेखकाने १९४१ साली घासून गुळगुळीत झालेल्या अवकाशकथांना हे नाव दिले. पुढे उपहास मागे पडला आणि नाव उरले. मराठीत त्याचा भाव सांगावयाचा तर 'अवकाशातील वीरगाथा' असे म्हणता येईल.

टकर यांचा उपहास अगदीच निराधार नव्हता. या प्रकाराचे एक आद्य लेखक ई. ई. स्मिथ हे स्वतः रसायनशास्त्राचे डॉक्टर होते; तथापि १९३७ साली क्रमशः प्रसिद्ध होऊ लागलेल्या त्यांच्या 'गॅलॅक्टिक पेट्रोल' या कादंबरीत यानाचे जडत्वच नाहीसे करणारे यंत्र आहे. जडत्व गेले म्हणजे वाटेल तो वेग वाटेल तेव्हा घेता येतो आणि प्रकाशालाही मागे टाकता येते. कथेची सोय होते. पण वाचकास मोजावयास काही उरत नाही. नियमच रद्द झाल्यावर हिशेब कशाचा करावयाचा?

'लेव्हायथन वेक्स' मध्ये हा हिशेब जागोजागी करावा लागतो. कथा पुढील काही शतकांतील आहे. मंगळावर आणि लघुग्रहांच्या पट्ट्यात माणसांची वस्ती झालेली आहे. शनीच्या कड्यांतील बर्फ पट्ट्याकडे वाहून नेणाऱ्या 'कँटरबरी' या जुनाट मालवाहू यानाचा नाश होतो आणि त्यातून पृथ्वी, मंगळ व पट्टा यांच्यात युद्धाचा वणवा पेटतो. यानातील दुय्यम अधिकारी होल्डन आणि सेरेस या लघुग्रहावरील एक थकलेला पोलीस मिलर, अशा दोघांच्या नजरेने आपण हे सर्व पाहतो.

या कथेतील यानांचे मजले एखाद्या उंच इमारतीसारखे एकावर एक रचलेले असतात आणि इंजिन तळघरात असते. इंजिन चालू असेतोवर जमीन माणसाच्या पायांना वर ढकलीत राहते आणि त्याला आपले वजन जाणवते. इंजिन थांबले की तत्क्षणी वजन जाते. पेला, पेन्सिल आणि माणूस तरंगू लागतात. अर्धी वाट संपली की यान पाठ फिरविते आणि उरलेली वाट वेग कमी करण्यासाठी इंजिन चालविते. त्यामुळे 'खाली' पुन्हा पायांकडेच राहते.

हे वाचीत असता मी एकाएकी थांबले. इंजिन थांबविल्याने सूर्याचे किंवा ग्रहांचे आकर्षण तर बदललेले नाही! मग गेले ते काय? गेला तो जमिनीचा रेटा. आपणांस जे 'वजन' म्हणून जाणवते, ते आकर्षण नसून त्या आकर्षणाला पायाखालच्या जमिनीने केलेला विरोध असतो. पृथ्वीपासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर फिरणाऱ्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पृथ्वीचे आकर्षण भूपृष्ठावरील आकर्षणाच्या जवळजवळ नऊ-दशांश असते. ते नसते, तर स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते, सरळ निघून गेले असते. १९८४ साली राकेश शर्मा आणि २०२५ साली शुभांशु शुक्ला तरंगताना आपण पाहिले, ते गुरुत्वाकर्षण नव्हते म्हणून नव्हे. ते आणि त्यांचे यान एकाच गतीने पृथ्वीकडे पडत होते आणि पडता पडता पृथ्वीला वळसा घालीत होते, म्हणून. दोघेही बरोबरच पडत असल्याने जमीन त्यांना रेटीत नव्हती. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत होती, मी ती वाचलीही होती. पण होल्डनबरोबर इंजिन थांबण्याची वाट पाहीपर्यंत मला ती समजलेली नव्हती.

येथे कोणी विचारील की, अशा कादंबऱ्यांत खोटे विज्ञान नसते काय? असते, आणि ते दडवून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. म्हणूनच वाचताना वहीच्या पानाचे तीन भाग करावेत, असे मी सुचविते.

पहिला भाग पाळलेल्या नियमांचा. वजनाचा नियम वर आलाच. दुसरा नियम संदेशांचा. या कथेत पृथ्वीवरील माणूस मंगळावरील माणसाशी गप्पा मारू शकत नाही. प्रकाशाला तेवढे अंतर कापावयास ग्रहांच्या स्थितीप्रमाणे सुमारे ३ ते २२ मिनिटे लागतात. प्रश्न गेला आणि उत्तर येईपर्यंत परिस्थिती पालटलेली असते. युद्धे भडकण्यास हा उशीरही कारण होतो.

दुसरा भाग उसनवारीचा. लेखकांनी निसर्गाकडून एक मोठे कर्ज घेतले आहे, ते म्हणजे 'एपस्टाइन' नावाचे इंजिन. अणुगर्भांच्या संमीलनावर चालणारे हे इंजिन नगण्य इंधनात दिवसचे दिवस जोर देत राहते. याचा अर्थ काय, ते कोणत्याही वर्गात फळ्यावर काढता येईल. मंगळ ८ कोटी किलोमीटरवर आहे असे धरा आणि पृथ्वीवरील वजनाचा एक-तृतीयांश जाणवेल एवढे त्वरण सतत ठेवा. अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवीत व पुढे कमी करीत गेल्यास सुमारे साडेतीन दिवसांत आपण पोहोचू; मध्यावर वेग सेकंदास सुमारे ५०० किलोमीटर असेल. आपले मंगळयान ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघाले आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत शिरले. प्रवासाचा बहुतेक भाग त्याचे मुख्य इंजिन बंद होते. हायड्रोजन व ऑक्सिजन जाळणाऱ्या उत्तम इंजिनातून वायू सेकंदास सुमारे साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. त्सिओल्कोव्हस्की यांनी १९०३ साली प्रसिद्ध केलेल्या समीकरणात हे आकडे घातले, तर एक किलोग्रॅम वजनाची वस्तू अशा रीतीने मंगळावर नेण्यास लागणाऱ्या इंधनाचा आकडा एकावर नव्वदाहून अधिक शून्ये इतका येतो. दृश्य विश्वातील अणूंची अंदाजी संख्या एकावर ८० शून्ये धरली जाते. विद्यार्थ्याने हे गणित एकदा स्वतः केले, म्हणजे मंगळयानाचे महिने त्याला संथ वाटणार नाहीत.

हे कर्जही लेखकांनी फुकट वापरलेले नाही. याच मालिकेतील 'ड्राइव्ह' या २०१२ सालच्या लघुकथेत त्या इंजिनाचा संशोधक पहिल्याच चाचणीत स्वतःच्या वाढलेल्या वजनाखाली असा चिरडला जातो की, इंजिन बंद करण्यासाठी त्याला हातही उचलता येत नाही.

तिसरा भाग चुकांचा. कादंबरीत सेरेसला वेगाने फिरवून आतील रहिवाशांना पृथ्वीवरील वजनाच्या तीन-दशांश वजन मिळवून दिले आहे. त्यांची डोकी केंद्राकडे आणि पाय पृष्ठभागाकडे असतात. कल्पना मोहक आहे. पण सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आहे. एवढे वजन निर्माण करण्यास तो दर ४२ मिनिटांत एक फेरी या गतीने फिरला पाहिजे. प्रत्यक्षात त्याला नऊ तासांहून थोडा अधिक वेळ लागतो. शिवाय सेरेसचे स्वतःचे आकर्षण पृथ्वीच्या सुमारे पस्तिसाव्या हिश्शाएवढेच. बाहेर फेकणारा जोर त्याच्या दहापट झाल्यावर विषुववृत्तावरील सुटा दगड आणि माती अवकाशात उधळून जाईल आणि गोळा एकसंध राहणे कठीण होईल. विद्यार्थ्याने ही चूक शोधली, तर त्याने कादंबरी वाया घालविली असे कोण म्हणेल? यापुढची परग्रहावरून आलेल्या मायावी द्रव्याची कथा सरळ अद्भुत म्हणून वाचावी. तिसऱ्या कादंबरीपासून दूरच्या ताऱ्यांकडे नेणारी द्वारे उघडतात आणि नियमांची पकड सैल होते. म्हणून आपल्या कामासाठी पहिली कादंबरी सर्वांत उपयोगी.

आणखी एक आक्षेप मी मान्य करते. या कादंबरीत रक्तपात आहे, बीभत्स प्रसंग आहेत आणि भाषा अनेकदा शिवराळ आहे. ती लहान मुलांच्या हाती देऊ नये. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी आणि सार्वजनिक ग्रंथालयांसाठीच मी तिची शिफारस करीत आहे. परंतु त्या रक्तपातामागे जो प्रश्न आहे, तो पोरकट नाही. पट्ट्यातील माणसांना पाणी आणि हवा बाहेरून आणावी लागते; ज्याच्या हाती बर्फाची वाहतूक, त्याच्या हाती त्यांचा श्वास. पिढ्यान् पिढ्या कमी वजनात वाढल्याने त्यांची शरीरे उंच आणि किरकोळ झाली आहेत, आणि पृथ्वीवर पाऊल ठेवणे त्यांना यातनामय झाले आहे. उंचीची गोष्ट कल्पनेची असेल. पण वजनरहित अवस्थेत अवकाशवीरांच्या भार वाहणाऱ्या हाडांची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, हे प्रत्यक्ष मोजलेले आहे. भौतिकशास्त्राचा एक नियम माणसांमाणसांत भिंत कशी उभी करू शकतो, हे सूत्रांच्या पुस्तकात सापडणार नाही.

आपल्याकडेही कथेला विज्ञानाची सावत्र बहीण मानण्याचे कारण नाही. डॉ. जयंत नारळीकर यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञाने १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेस टोपणनावाने विज्ञानकथा पाठविली होती. कथा लिहिणे त्यांस कमीपणाचे वाटले नाही, तर ती वाचणे आपण का कमी लेखावे?

शिक्षकांस आणि ग्रंथपालांस माझी विनंती एवढीच आहे की, अशा कादंबऱ्या कपाटाच्या मागल्या रांगेत टाकू नयेत. अवकाशविज्ञानाच्या पुस्तकांशेजारी त्यांना जागा द्यावी आणि त्या वाचणाऱ्या विद्यार्थ्यास वहीत तीन भाग करावयास सांगावे. जे भाषांतर करतात त्यांनी या वाङ्मयाकडे परिभाषेची कसोटी म्हणून पाहावे. 'वजन', 'वस्तुमान' आणि 'गुरुत्वाकर्षण' हे तीन शब्द एकमेकांच्या जागी चालवून घेतले, तर अशा कादंबरीचे एक पानही मराठीत उतरणार नाही. पुस्तिकेत मात्र ते चालून जातात, हे मी अनुभवाने सांगते.

त्या जुन्या पुस्तिकेतील वाक्य दुरुस्त करून मी प्रकाशकांकडे पाठविले आहे: "यान आणि माणूस बरोबरच पृथ्वीकडे पडत असल्यामुळे माणसाला वजन जाणवत नाही." पूर्वीच्या वाक्याहून ते लांब आहे. शेजारची ती मुलगी आता महाविद्यालयात जाते. परवा मी तिच्याकडे जाऊन तिलाही ते सांगितले, आणि कादंबरी वाचावयास दिली.