गोवर आणि उरलेली पाच मुले

भुसावळास मुंबईहून येणारा लोहमार्ग नागपूर व इटारसीकडे फुटतो. माणसांबरोबर गोवरही गाडीतून प्रवास करतो. दुबळ्या केलेल्या विषाणूशी लस शरीराची आधीच ओळख करून देते. मात्र साथ रोखावयाची तर १०० पैकी ९५ बालकांना दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात. उरलेली पाच कोणाची? पहिली मात्रा ९ महिन्यांना गावी. दुसरीच्या वेळी, १६ महिन्यांनंतर, आईबाप ऊसतोडीवर! २०२२ साली मालेगाव, भिवंडी, गोवंडी येथे गोवर उसळला, तो श्रमिकांच्या दाट वस्त्यांत. पोलिओचे थेंब रेल्वेच्या डब्यापर्यंत पोचले. जानेवारी २०११ नंतर देशात वन्य पोलिओचा रुग्ण आढळला नाही. गोवराला सुई लागते, ही सबब शासनाने सांगू नये. फलाटावर, फडावर, वीटभट्टीवर परिचारिका नेमाव्यात.