न्यायाधीशाची परीक्षा कोणी घ्यावी?

तळोजा कारागृह आपल्या नवी मुंबईतच आहे. येशूसंघीय धर्मगुरू फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर २०२० पासून तेथे कच्चे कैदी होते. मे २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दूरदृश्य यंत्रणेद्वारे त्यांचे म्हणणे ऐकून घेतले आणि त्यांना वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलविण्यास अनुमती दिली. जामिनाचा निर्णय होण्याआधीच, ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. अशा प्रसंगी माणसाचे सारे भवितव्य न्यायासनाच्या हाती असते; मात्र त्या आसनावर कोण असावे, हे पक्षकार ठरवू शकत नाही. मग ते कोण ठरविते आणि कोणत्या निकषांवर?

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांनी सर्वोच्च न्यायालयासाठी सुचविलेल्या व्यक्तीला सिनेटच्या समितीपुढे जाहीर प्रश्नोत्तरांना सामोरे जावे लागते. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांनी आपली मते मोकळेपणाने मांडली आणि सिनेटने ५८ विरुद्ध ४२ मतांनी त्यांना नाकारले. पुढील उमेदवारांनी त्यातून मौनाचा धडा घेतला. १९९३ मध्ये रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी भावी खटल्यांविषयी कोणताही संकेत देणार नाही असे सांगितले. त्यांना ९६ विरुद्ध ३ मतांनी मान्यता मिळाली. गर्भपाताविषयीचा ‘रो’ निकाल हा न्यायालयाचा पूर्वनिर्णय आहे, एवढेच नंतरच्या अनेक उमेदवारांनी सांगितले. त्यांपैकी काहींनी तोच निकाल जून २०२२ मध्ये रद्द ठरविला. त्या निर्णयाचे कोणी स्वागत करो वा न करो, सुनावणीतून तो आधी उमगला नव्हता, हे खरे.

मग या सुनावण्यांतून काय उघड होते? बहुधा प्रश्न विचारणाऱ्यांच्या मनातील भय. २०१७ मध्ये अपील न्यायालयासाठी सुचविलेल्या एमी कोनी बॅरेट यांच्या कॅथलिक श्रद्धेविषयीच एका ज्येष्ठ सिनेटरने जाहीर चिंता व्यक्त केली होती. अल्पसंख्याक समाजातील उमेदवाराला आपल्या संसदेत असा प्रश्न विचारला गेला तर काय होईल, याची कल्पना आपण करू शकतो.

हा धोका आपल्या घटनाकारांनी ओळखला होता. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकी पद्धत नाकारली. ती किचकट आहे आणि तिच्यामुळे नेमणुकांवर राजकीय दबाव येऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र सरन्यायाधीशांना नकाराधिकार देण्यासही त्यांनी विरोध केला. सरन्यायाधीश कितीही थोर असले, तरी तेही सर्वसामान्य माणसाप्रमाणे दोष व पूर्वग्रह असलेले माणूसच, हा त्यांचा युक्तिवाद होता.

पुढे १९९३ आणि १९९८ च्या निर्णयांनी निवडीचे अधिकार ज्येष्ठ न्यायाधीशांच्या निवड मंडळाकडे, म्हणजेच ‘कॉलेजियम’कडे, आले. संसदेने २०१४ मध्ये आणलेला नियुक्ती आयोग सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१५ मध्ये चार विरुद्ध एक मताने रद्द केला. बहुमताच्या बाजूने असलेले न्या. कुरियन जोसेफ यांनीही कॉलेजियमच्या कारभारात पारदर्शकता हवी, असे स्पष्टपणे नमूद केले होते.

ती पारदर्शकता काय करू शकते, हे मुंबईतच दिसले. ॲड. सोमशेखर सुंदरेसन यांच्या नावावर केंद्र सरकारने आक्षेप घेतला. त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडली होती, हे त्याचे कारण. जानेवारी २०२३ मध्ये कॉलेजियमने हा आक्षेप प्रसिद्ध करून त्याला लेखी उत्तर दिले. मत मांडणे म्हणजे पक्षपात नव्हे, हा त्याचा आशय होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांची नेमणूक झाली. याउलट, जुलै २०२५ मध्ये ॲड. आरती साठे यांची शिफारस झाली तेव्हा त्या पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या होत्या म्हणून वाद उठला. त्यांनी पक्षाचा राजीनामा आधीच दिलेला होता. परंतु प्रसिद्ध झालेल्या निवेदनात केवळ नावे होती, कारणे नव्हती. नेमणूक योग्य की अयोग्य, याचा विचार करण्यास नागरिकाला आधारच उरला नाही.

उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायाधीश म्हणून काढलेला काळ हीच आपल्याकडील खरी सुनावणी होय. १९ जानेवारी २०२१ रोजी नागपूर खंडपीठाच्या न्या. पुष्पा गनेडीवाला यांनी, त्वचेचा थेट स्पर्श नसल्यास ‘पॉक्सो’ कायद्याखालील लैंगिक अत्याचार ठरत नाही, असा निकाल दिला. कॉलेजियमने त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेतली. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल नोव्हेंबर २०२१ मध्ये रद्द केला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी राजीनामा दिला. न्यायाधीशाविषयी भाषणांपेक्षा त्याचे निकालपत्रच अधिक सांगते.

दूरचित्रवाणीवरील उलटतपासणी आपल्याला नको. परंतु बंद दाराआडचे मौनही नको. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांची प्रक्रिया आणि उमेदवारांचे न्यायाधीशांशी असलेले नाते संकेतस्थळावर जाहीर केले. पुढचे पाऊल सोपे आहे: प्रत्येक शिफारशीची आणि प्रत्येक नकाराची कारणे लेखी प्रसिद्ध करावीत. निर्गम ग्रंथात इथ्रोने मोशेला न्यायदानासाठी माणसे निवडण्याचा सल्ला दिला, तेव्हा निकषही सांगितले: कर्तबगार, देवभीरू, सत्यनिष्ठ, लाचेचा तिटकारा असणारी. निकष आधी सर्वांसमोर ठेवले, तर निवडीवर प्रश्न विचारण्याचा हक्कही सर्वांना मिळतो. न्यायालयाच्या दारी येणाऱ्या सामान्य माणसाचा तो किमान हक्क आहे.