शेषशायी नागपूरला, आणि आपण?

मागच्या दिवाळीत पुण्याचा मामेभाऊ आला होता. त्यानं विचारलं, "ताई, तुमच्या बुलढाण्यात बघायला काय आहे गं?" मी म्हटलं, "शेगाव... लोणार..." आणि गाडी तिथंच अडकली. पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये शिकले. लंडनच्या म्युझियममध्ये काय काय आहे ते पाठ, पण सिंदखेडराजाला मी एकदाच गेले, तेही शाळेच्या सहलीत. लक्षात राहिला तो फक्त डबा! (मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घ चुकतं, सांभाळून घ्या.)

मग जरा शोधलं, वाचलं. जून २०२४ मध्ये सिंदखेडराजाला लखुजीराव जाधवांच्या समाधीच्या जतनाचं काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांना आधी एका जुन्या मंदिराचा पाया सापडला. आणखी खणल्यावर साधारण सव्वादोन मीटर खोलीवर शेषशायी विष्णूची अखंड मूर्ती मिळाली. पावणेदोन मीटरच्या आसपास लांब, पायाशी लक्ष्मी, खाली समुद्रमंथनाचा देखावा. दगड क्लोराइट शिस्ट. आपल्या पायाखाली तर सगळा बेसॉल्ट! मग हा दगड आला कुठून? असा दगड दक्षिणेत होयसळांच्या शिल्पांत दिसतो. किती छान प्रश्न आहे ना? पण तो आपल्या पोरांना विचारणार कोण?

नागपूरला नवं संग्रहालय झालं तर ही मूर्ती तिथलं मुख्य आकर्षण ठरेल, अशी चर्चा तेव्हा बातम्यांत होती. त्यामागचं कारण मला पटतं. मौल्यवान मूर्तीला पहारा लागतो, जाणकार माणसं लागतात, पैसा लागतो. नुसतं "आमची आहे, इथंच ठेवा" म्हणून ती सुरक्षित राहत नाही. पण नागपूर इथून तीनशे किलोमीटरच्या पुढे. आमच्या गल्लीतल्या आजीबाई ती कधी बघणार?

म्हणून माझं मत असं, की मूर्ती जिथं नीट सांभाळली जाईल तिथं राहू दे, पण तिची गोष्ट इथं राहिली पाहिजे. सिंदखेडराजाला एक चांगलं स्थानिक संग्रहालय हवं. फक्त काचेच्या पेटीत तलवारी नकोत, चालतं-बोलतं हवं. थ्रीडी स्कॅन करून मूर्तीची हुबेहूब प्रतिकृती ठेवता येईल. मोती तलावाची भिंत पाण्याचा दाब कसा पेलते त्याचं मॉडेल ठेवता येईल, मुलांनी त्यात पाणी ओतून बघावं. महिन्यातून एकदा मोडी लिपीचा वर्ग. उन्हाळ्यात शाळकरी मुलांना पुतळा बारवेची मोजमापं घ्यायला न्यायचं. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या, त्या गेल्या की परत मिळत नाहीत.

यातलं अर्धं काम तर आपलंच आहे! सिव्हिलवाल्यांनी सर्व्हे करावा, मेकॅनिकलवाल्यांनी प्रतिकृती, कॉम्प्युटरवाल्यांनी माहितीची यंत्रणा. दरवर्षी "प्रोजेक्टला विषय सापडत नाही" म्हणून आपण जुनेच रिपोर्ट कॉपी करतो. विषय जमिनीतून वर येतायत आणि आपल्याला दिसत नाहीत.

१२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मस्थानी लाखो माणसं येतात. माथा टेकतात, फोटो काढतात, जातात. त्यांच्या हातात जाताना एक तरी नवी गोष्ट पडायला नको का? आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्ग सिंदखेडराजाजवळून जातो. नागपूरहून शिर्डीकडे जाणारी गाडी १२० च्या स्पीडनं निघून जाते. ती थांबावी असं आपल्याला वाटत असेल तर थांबायला कारण दिलं पाहिजे.

मामेभाऊ उन्हाळ्यात परत येणार आहे. या वेळी त्याला सिंदखेडराजाला नेणार. गाईड मीच. बघू, किती प्रश्नांची उत्तरं देता येतात!