विश्लेषण : नवी मुंबईच्या बाल्कनीत ‘थंड पाण्याचे’ मासे का टिकत नाहीत?

बाल्कनीत मोठा टब, त्यात एखादं कुमुदिनीचं रोप आणि चार-पाच गोल्डफिश. अशा रील्समध्ये एक सल्ला हमखास असतो, ‘हीटर लागत नाही, थंड पाण्यातले काटक मासे घ्या.’ सल्ला खोटा नाही, पण तो जिथे हिवाळ्यात तळ्यावर बर्फ धरतो अशा अंगणांसाठी आहे. नवी मुंबईत बाहेर ठेवलेला मासा थंडीने मरत नाही, उन्हाने मरतो. त्यामुळे ‘काटक’ कोणाला म्हणायचं, हे इथल्या एप्रिल-मेवरून ठरवायला हवं.

गोल्डफिशला नेमकं काय होतं?

गोल्डफिश हा मूळचा चीनमधला, कार्प कुळातला मासा. साधारण 18 ते 22 अंश सेल्सिअस पाण्यात तो खूश असतो. खारघर किंवा नेरूळमधल्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत मे महिन्याच्या दुपारी 40-50 लिटरचा टब सहज तिशी ओलांडतो. पाणी तापलं की त्यात विरघळलेला ऑक्सिजन कमी होतो. 20 अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅमच्या आसपास मावतो, 30 अंशांना साडेसात. त्याच वेळी माशाचं शरीर अधिक वेगाने चालतं आणि त्याला ऑक्सिजन जास्त लागतो. म्हणजे पुरवठा घटतो तेव्हाच मागणी वाढते. त्यात गोल्डफिश घाण भरपूर करतो आणि त्यातून तयार होणारा अमोनिया गरम पाण्यात जास्त विषारी ठरतो. मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करू लागला की तो ‘भुकेला’ आहे समजून लोक आणखी खाणं टाकतात!

कोईचं तर नावच काढू नये. दोन फुटांपर्यंत वाढणारा मासा फ्लॅटच्या बाल्कनीत आणणं ही हौस नाही, छळ आहे. हे दोन्ही मासे बाल्कनीसाठी म्हणून विकणाऱ्या दुकानदारांनी निदान ते किती वाढतात, हे तरी गिऱ्हाइकाला सांगावं.

मग घ्यायचं काय?

आपल्याकडचेच मासे. झेब्रा डॅनिओ हा मूळचा भारतीय उपखंडातला, जगभरच्या प्रयोगशाळांत वापरला जाणारा चिमुकला मासा. थंडी आणि उकाडा दोन्ही सोसतो. पश्चिम किनाऱ्यावरच्या ओढ्यांत, भातखाचरांत सापडणारा पट्टेदार पँचॅक्स पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि डासांच्या अळ्या मटकावतो. उडी मात्र मारतो, टबावर जाळी हवीच. गुरामी आणि बेट्टा हवेतून थेट श्वास घेऊ शकतात, त्यामुळे कमी ऑक्सिजनमध्ये तग धरतात. दोन नर बेट्टा मात्र एकत्र ठेवू नका.

अळ्यांचा मुद्दा इथे गौण नाही. डेंग्यू पसरवणारा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवा डास उडतो. मासे मेलेला, तसाच राहिलेला टब हा शेजाऱ्यांच्याही जिवाशी खेळ.

गप्पी मासे याच कामासाठी राज्यातल्या अनेक पालिका वाटतात. बंदिस्त टबात ते ठीक आहेत. पण गप्पी दक्षिण अमेरिकेतला आणि गॅम्बुसिया उत्तर अमेरिकेतला. गॅम्बुसिया तर जगातल्या 100 सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे. पालिकांनी मासे वाटताना ‘तलावात, नाल्यात सोडू नका’ हेही तितक्याच ठळकपणे सांगायला हवं. हौस फिटली की मासे जवळच्या तलावात सोडण्याचा प्रकार अनेकांना पुण्याचा वाटतो. उजनी धरणात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडणारा सकरमाउथ कॅटफिश हा मुळात काचेच्या टाकीतलाच, हे ध्यानात ठेवा.

टब भरण्याआधी

एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. भारतीय मानकांनुसार घराच्या बाल्कनीसाठी प्रति चौरस मीटर सुमारे 300 किलो भार धरतात. 200 लिटरचा टब, माती आणि कुंड्या एकाच कोपऱ्यात रचल्या तर जुन्या, गळक्या इमारतीत हा हिशेब अंगाशी येऊ शकतो. टब भिंतीलगत ठेवा, दुपारी हिरव्या नेटची सावली करा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते दिवसभर उघडं ठेवून किंवा दुकानात मिळणारं क्लोरीन काढणारं औषध घालूनच वापरा. आणि जूनपूर्वी टबाच्या काठाखाली जाळी लावलेलं एक भोक पाडून ठेवा, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात पाण्याबरोबर मासेही खालच्या मजल्यावर जातील.