पाहुणे, पानक आणि पौर्णिमेची रात्र

दरवर्षी मार्च उजाडला की माझा फोन वाजायला लागतो. पुण्याची आत्या, नाशिकची नणंद, रत्नागिरीहून आई, सगळ्यांचा प्रश्न एकच. "तुमच्याकडे थंड असतं ना गं? मुलांच्या परीक्षा संपल्या की येतोच."

लग्न होऊन मी बेंगळुरूला आले तेव्हा या प्रश्नाला "हो, येताना शाल आणा" असं उत्तर देता यायचं. शहर समुद्रसपाटीपासून साधारण नऊशे मीटर उंचीवर, झाडं भरपूर, आणि घरात पंखा असला तरी तो लावायची वेळ क्वचित यायची. आता मी खरं सांगते. एप्रिल २०१६ मध्ये इथला पारा ३९.२ अंशांवर गेला होता. २०२४ च्या उन्हाळ्यात तर बोअरवेल आटल्या, सोसायट्यांमध्ये टँकरच्या रांगा लागल्या, आणि पिण्याच्या पाण्याने गाडी धुतली तर पाच हजार रुपये दंड असा हुकूम निघाला. तेव्हा पाहुण्यांनो, जरूर या, पण आंघोळ एका बादलीत उरकायची तयारी ठेवून या. सकाळ आणि संध्याकाळ अजूनही छान असते. दुपारी बारा ते चार मात्र घरात बसा, नाहीतर सावलीत.

माझी खरी तक्रार वेगळीच आहे. येणारी मंडळी दोन दिवस मॉल, एक दिवस म्हैसूर, एक दिवस नंदी हिल्स असं उरकतात आणि निघून जातात. या शहराचा स्वतःचा उन्हाळा त्यांना दिसतच नाही. तो दिसतो चैत्रात. आणि बहुतेक वेळा सूर्य मावळल्यावर.

आपला गुढीपाडवा तो इथला युगादी. कडुलिंब-गुळाला 'बेवु-बेल्ला' म्हणतात, पुरणपोळीला 'होळिगे' किंवा 'ओब्बट्टु'. पाडव्यापाठोपाठ रामनवमी येते आणि शहरभर मांडव पडतात. चामराजपेटच्या फोर्ट हायस्कूलच्या मैदानावर श्रीरामसेवा मंडळीचा संगीत महोत्सव भरतो. एस. व्ही. नारायणस्वामी राव यांनी १९३९ मध्ये तो सुरू केला. जवळजवळ महिनाभर रोज संध्याकाळी मोठमोठे कलावंत तिथे गातात, वाजवतात. बहुतेक कर्नाटक संगीत असतं, हिंदुस्थानीही असतं. मांडवात खुर्च्या असतात, आजूबाजूला पेन्शनर मंडळी मांडीवर हाताने ताल धरून बसलेली. ज्यांना शास्त्रीय संगीतात गोडी नाही त्यांनीही एकदा तासभर बसून बघावं. शेजारच्या आजोबांचा हात बघत बसलं तरी ताल कळायला लागतो.

बाबा गेल्यानंतरच्या पहिल्या चैत्रात मी आईला इकडे आणलं होतं. तिला कशातच रस नव्हता. टीव्ही नको, फिरायला नको, "मला काय कळतंय त्यातलं" हे एकच पालुपद. एका संध्याकाळी आमच्या खालच्या मजल्यावरच्या अज्जी तिला सरळ हाताला धरून कोपऱ्यावरच्या राममंदिरात घेऊन गेल्या. अज्जींना मराठी येत नाही, आईला कन्नड येत नाही. दीड तासाने दोघी परत आल्या त्या हातात कागदी द्रोण घेऊन, आणि आईचा चेहरा अगदी उजळलेला. म्हणाली, "अगं, हे तर आपल्या चैत्रगौरीचं हळदीकुंकू! आंबेडाळ आणि पन्हं!"

तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. रामनवमीला इथे 'कोसंबरी' आणि 'पानक' वाटतात. कोसंबरी म्हणजे भिजवलेली मुगाची डाळ, त्यात काकडी, ओलं खोबरं, लिंबू आणि वरून मोहरी-मिरचीची फोडणी. काही घरांत कैरीही किसून घालतात. आपण हरभऱ्याची डाळ वाटून घेतो, हे मुगाची अख्खीच ठेवतात, एवढाच फरक. आणि पानक म्हणजे गुळाचं पाणी. आपला 'पन्हं' हा शब्द संस्कृत 'पानक'वरूनच आला आहे, तेव्हा दोन्ही एकाच घरचे. अज्जींचं प्रमाण देऊन ठेवते: लिटरभर पाण्यात दीडशे ग्रॅम गूळ विरघळवून गाळायचा, त्यात अर्धा चमचा सुंठ, चार वेलदोड्यांची पूड, चिमूटभर मिरपूड आणि एका लिंबाचा रस. माठात ठेवायचं, फ्रीजमध्ये नाही. उन्हातून आलेल्या पाहुण्याला कोल्डड्रिंकऐवजी हे द्या. सोबत 'नीर मज्जिगे', म्हणजे आलं-कोथिंबीर घातलेलं पातळ ताक, मांडवांतून फुकट मिळतं. नको असेल तर 'बेड' म्हणायचं. गैरसमज नको, कन्नडमध्ये 'बेड' म्हणजे 'नको'.

आता पौर्णिमेच्या रात्रीबद्दल. चैत्र पौर्णिमेला आपल्याकडे हनुमान जयंती असते, इथल्या जुन्या पेठांत 'करग' निघतो. केंपेगौडांनी १५३७ मध्ये वसवलेलं मूळ शहर म्हणजे या पेठा. चिक्कपेटे, अक्किपेटे, बळेपेटे, नगरथपेटे. आपल्या पुण्याच्या पेठांसारख्याच अरुंद, गजबजलेल्या. तिथे तिगळरपेटेत धर्मरायस्वामींचं देऊळ आहे, म्हणजे आपल्या धर्मराजाचं. हा उत्सव तिगळ समाजाचा. पिढ्यान् पिढ्या फुलं आणि भाज्या पिकवणारी ही माणसं. त्यांची देवी द्रौपदी.

कथा अशी सांगतात की पांडव स्वर्गाला निघाले तेव्हा द्रौपदी मागे राहिली आणि तिमिरासुर नावाच्या असुराने तिला गाठलं. तिने शक्तीरूप घेऊन आपल्या देहातून वीरकुमारांची फौज निर्माण केली. असुर मेला, पण देवी निघाली तेव्हा ते वीर रडायला लागले. तेव्हा तिने शब्द दिला, दरवर्षी थोडे दिवस तुमच्याकडे येऊन राहीन. माहेरवाशिणीसारखीच की ही!

त्या रात्री करग वाहणारा पुजारी स्त्रीवेशात असतो. पिवळी-केशरी साडी, बांगड्या, गळ्यात मंगळसूत्र. त्याच्या बायकोने त्याच्या हवाली केलेलं तिचंच मंगळसूत्र ते. डोक्यावर मोगऱ्याने मढवलेला उंच शंकूसारखा करग, आणि त्याला हात लावायचा नाही. भोवती उघड्या तलवारी घेतलेले वीरकुमार "गोविंदा, गोविंदा" म्हणत धावत असतात. मध्यरात्र उलटल्यावर करग देवळाबाहेर पडतो आणि पहाटेपर्यंत पेठांतून फिरतो. वाटेत कॉटनपेटला हजरत तवक्कल मस्तान यांच्या दर्ग्यात थांबतो. गावात काहीही वातावरण असो, हा थांबा चुकत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. मुख्य रात्रीच्या आधी करगाचा एक विधी पाण्याकाठी होतो, संपंगी तलावाशी. पण तो तलाव आता आहे कुठे? त्याच्या जागी कांतीरवा स्टेडियम आहे. करगासाठी म्हणून एक छोटंसं कुंड तेवढं राखलंय. मॅजेस्टिकचा मोठा बसस्टँड आहे ना, तोही धर्मांबुधी नावाच्या तलावाच्या पात्रातच. टँकरच्या रांगेत उभं राहिलं की मला ही दोन नावं आठवतात.

तर अशा त्या रात्री काही वर्षांपूर्वी मी नणंदेला आणि तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन गेले. मोठ्या फुशारकीने, "मला सगळं माहीत आहे" म्हणत. करग बाहेर पडला तशी गर्दी एकदम पुढे सरकली आणि मी ज्याचा हात धरला होता तो हात माझ्या हातात नव्हता. पंचवीस मिनिटं! गर्दीत फोन लागत नव्हते. नणंदेला तर आवाजच फुटेना. मी ओरडत होते ते मराठीत, आणि आजूबाजूचे लोक मला कन्नडमध्ये, तमिळमध्ये, उर्दूत विचारत होते की काय झालं. शेवटी एका तरुणाने माझ्याकडून मुलाच्या शर्टाचा रंग विचारून घेतला आणि तो पुढच्या मुलाला ओरडून सांगितला, त्याने त्याच्या पुढच्याला. शर्ट पिवळा, 'हळदी' म्हणजे पिवळा एवढं कन्नड तेव्हा मला आठवलं हेच नशीब. गल्लीच्या तोंडाशी एका मोगरा विकणाऱ्या बाईने भाच्याला आपल्या शेजारी पाटीवर बसवून ठेवलं होतं. "अळबेड मगा", रडू नको बाळा, असं ती त्याला सारखं म्हणत होती. त्याच्या दोन्ही मुठींत मोगरा. पैसे द्यायला गेले तर तिने हात मागे घेतला आणि मला चांगलं रागावली. सगळं कळलं नाही, पण जेवढं कळलं तेवढं पुरे होतं.

म्हणून करगाला जाणाऱ्यांना माझं सांगणं आहे. लहान मुलं आणि गुडघे दुखणारी माणसं असतील तर देवळाच्या गल्लीत शिरूच नका. थोडं झोपून घ्या आणि पहाटे कॉटनपेटच्या बाजूला, एखाद्या दुकानाच्या पायरीवर उभे राहा. वेळ त्या वर्षीच्या मिरवणुकीप्रमाणे मागेपुढे होते, स्थानिक माणसाला विचारून जा. मुलाच्या दंडावर पेनाने फोन नंबर लिहा, मोबाइलवर विसंबू नका. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा, आणि ती जागा मुलाला प्रत्यक्ष दाखवा. दागिने घरी. परतीची सोय आधीच करून ठेवा, कारण मध्यरात्री मेट्रोवर भरवसा ठेवता येत नाही आणि रात्री दहा ते पहाटे पाच रिक्षाला दीडपट भाडं पडतं.

बसबद्दल एक खुलासा, कारण दरवर्षी यावरून कंडक्टरशी वाद होतो. जून २०२३ पासून कर्नाटकात साध्या सरकारी बसमध्ये बायकांना तिकीट नाही, हे खरं. पण ही 'शक्ती' योजना कर्नाटकात राहणाऱ्या बायकांसाठी आहे. आधार कार्डावर सांगलीचा पत्ता असेल तर तिकीट काढा.

आणि वळीव. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर आभाळ भरून येतं आणि अर्ध्या तासात रस्त्याची नदी होते. मे २०२३ मध्ये के. आर. सर्कलच्या अंडरपासमध्ये साचलेल्या पाण्यात गाडी अडकून एका तरुणीचा जीव गेला. घरच्यांबरोबर शहर बघायला निघाली होती ती. अंडरपासमध्ये पाणी दिसलं की गाडी थांबवायला सांगा. ड्रायव्हर "जाईल, जाईल" म्हणाला तरी. अशा वेळी भिडस्तपणा कामाचा नाही. वळीव थांबेपर्यंत कुठेतरी फिल्टर कॉफी प्यायची.

दुपारच्या आत एक सकाळ मल्लेश्वरमसाठी काढा. तिथल्या काडु मल्लेश्वर देवळाशी आपलं जुनं नातं आहे. १६३८ नंतर बेंगळुरू शहाजीराजांच्या जहागिरीत होतं, आणि त्यांचे पुत्र व्यंकोजीराजे यांनी १६६९ मध्ये या देवाला एक गाव इनाम दिल्याचा शिलालेख आहे. समोरच नंदीतीर्थ आहे. जमिनीखाली गाडलेलं हे देऊळ १९९७ मध्ये उकरून काढलं. नंदीच्या तोंडातून पाण्याची धार खालच्या शिवलिंगावर पडते, आणि उन्हाळ्यात त्या पायऱ्यांवर बसलं की उठवत नाही. देवळं दुपारी बंद असतात, सकाळीच जा.

मे महिन्यात येणाऱ्यांचं करग आणि रामोत्सव हुकतात, पण आंबा हुकत नाही. लालबागेत त्या सुमारास आंबा मेळा भरतो. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली ही बाग आता २४० एकरांची आहे. मेट्रोचं 'लालबाग' स्टेशन अगदी फाटकाशी, त्यामुळे पार्किंगची कटकट नाही. मेळ्यात रामनगर आणि कोलारकडचे शेतकरी स्वतः आंबे घेऊन येतात. पावडर न मारता पिकवलेला माल, ही त्यांची मुख्य ओळख. बदामी, रसपुरी, मल्लिका, सेंदुरा, मलगोवा, आणि लिंबाएवढी 'सक्करे गुत्ती'. इथली बदामी म्हणजे हापूसच, फक्त नाव वेगळं. हे मी रत्नागिरीच्या बाईला, म्हणजे माझ्या आईला, तिथे उभं राहून सांगितलं. तिने फळ हातात घेतलं, देठाशी वास घेतला आणि काही न बोलता परत ठेवलं.

रसपुरी मात्र तिने निमूटपणे दोन किलो घेतली. रविवारी आमरस-पुरी झाली, खालच्या अज्जी जेवायला होत्या, आणि आईने तीन वाट्या रस खाल्ला. त्याच संध्याकाळी जाऊबाईंना फोनवर सांगत होती, "छे गं, आपल्या हापूसची सर नाही." निघायच्या दिवशी तिची बॅग उचलायला गेले तर जड लागली. उघडून बघितलं, साड्यांच्या मध्ये वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या डझनभर रसपुऱ्या.